घरोबा, मुले आणि बाग : नाशिकच्या सार्वजनिक उद्यानांचा सामाजिक धांडोळा

प्रास्ताविक

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत स्नेह्यांच्या घरी मुक्कामाला जावे, दोन्ही घरची मुले बरोबर घ्यावीत आणि सायंकाळ एखाद्या बागेत घालवावी, हा महाराष्ट्रातील नागर मध्यमवर्गाच्या जीवनाचा इतका परिचित भाग आहे की त्यालाही इतिहास असू शकतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. सार्वजनिक उद्यानांविषयी जे लेखन झाले आहे ते बहुधा उद्याने कोणी बांधली, केव्हा बांधली, त्यांना कोणाचे नाव दिले, या प्रश्नांभोवती फिरते. गव्हर्नर, कलेक्टर, नगराध्यक्ष, महापौर अशी ही नामावली असते. बागेत येऊन बसणारी माणसे या लेखनात जवळजवळ नसतात. प्रस्तुत लेखात नाशिक शहरापुरता हा क्रम उलटा करून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. बाग कोणी केली यापेक्षा बागेत कोण कोणाबरोबर गेले, आणि कोण जाऊ शकले नाही, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

यासाठी ‘घरोबा’ हा मराठी शब्द विशेष उपयोगाचा आहे. नाते नसलेल्या दोन कुटुंबांत नात्याइतकाच वहिवाटीचा जो संबंध निर्माण होतो त्याला आपण घरोबा म्हणतो. मैत्री दोन व्यक्तींची असते, घरोबा दोन घरांचा असतो. त्यात मुले आपोआप सामील होतात आणि वडिलांच्या मित्राला काका, त्यांच्या पत्नीला काकू म्हणू लागतात. हा संबंध जुन्या समाजात नव्हता असे नाही; परंतु जात, सोवळे आणि स्वयंपाकघर यांनी त्याला ठरावीक कुंपण घातलेले होते. ते कुंपण सैल होण्यात सार्वजनिक बागेचा काही वाटा आहे काय, हे येथे तपासावयाचे आहे.

‘आराम’ ते ‘गुलशनाबाद’

नाशिकच्या बागांचा लिखित पुरावा अनपेक्षितपणे प्राचीन आहे. शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या पांडवलेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध लेख कोरलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील या लेखात त्याच्या दानांची दीर्घ यादी येते. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने निवारे उभारले. आराम, तलाव आणि विहिरी केल्या. नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळीची झाडे धार्मिक समूहांना दिली, असे त्यात नोंदविले आहे. ‘आराम’ म्हणजे बाग. आज मराठीत या शब्दाचा अर्थ केवळ विसावा असा उरला आहे. तो फारसीतून आलेला असला तरी संस्कृत ‘आराम’ आणि हा फारसी ‘आराम’ कानाला एकच वाटावेत हा योगायोग मोठा मनोरंजक आहे. या लेखातील गोवर्धन म्हणजे गंगापूर रस्त्यावरील आजचे गोवर्धन गाव, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सोमेश्वरचा धबधबा पाहावयास जाणारी नाशिकची कुटुंबे त्याच्या अगदी जवळून जातात.

तथापि उषवदाताच्या आरामाला आजच्या अर्थाने सार्वजनिक उद्यान म्हणता येणार नाही. ते पुण्यार्थ केलेले दान होते. वाटसरू, भिक्षू आणि ब्राह्मण यांच्या सोयीसाठी ते होते. मुलांना खेळविण्यासाठी खचितच नव्हते. पंचवटी आणि तपोवन यांविषयीही हेच म्हणावे लागेल. पाच वृक्षांच्या समूहाला पावित्र्य देण्याची कल्पना पुराणांत आहे, नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेजवळ ते वृक्ष आजही दाखविले जातात, आणि कपिला-गोदावरी संगमाजवळील तपोवनात आजही गर्द सावली आहे. परंतु येथे माणूस यात्रेकरू म्हणून येतो. झाड हे देवाचे असते. त्याखाली बसण्याचा अधिकार श्रद्धेने मिळतो, नागरिकत्वाने नव्हे.

१६३६ नंतर मोगली अंमलाखाली नाशिकला ‘गुलशनाबाद’ हे नाव मिळाले. अठराव्या शतकाच्या मध्यास शहर मराठ्यांकडे आल्यावर जुने नाव पुन्हा रूढ झाले, तरी मराठा काळातील रुपयांवर टांकसाळीचे नाव म्हणून गुलशनाबाद टिकून राहिले. अलीकडे या नावावरून नाशिक हे पूर्वापार गुलाबांचे शहर होते असे सरसकट सांगितले जाते. गुलशन म्हणजे पुष्पवाटिका, हे खरे. परंतु मोगलांनी शहरांना दिलेली नावे ही पुष्कळदा गौरवाची नावे असत, ती त्या गावच्या वनस्पतींची यादी नव्हे. पर्यटन-पुस्तिकांनी हा फरक पुसून टाकला आहे. नाशिकच्या मोगलकालीन फुलशेतीविषयी अधिक भरवशाचा पुरावा जुन्या वस्तीच्या नावांत सापडतो. जुन्या नाशकातील बागवानपुरा हे नाव बागाईत आणि फळ-भाजीचा व्यापार करणाऱ्या बागवान समाजाचे आहे. शहराच्या वायव्येस असलेले मखमलाबाद हे नावही त्याच काळाची आठवण देते. ज्यांनी बागा राखल्या त्यांच्या वस्तीचे नाव टिकले, ज्यांनी त्या उपभोगल्या त्यांचे टिकले नाही, असा हा एक दुर्मिळ प्रसंग म्हणावा लागेल.

पेशवाईत नाशिक हे राजघराण्यातील माणसांचे विसाव्याचे ठिकाण झाले. पानिपतानंतर नानासाहेबांची पत्नी गोपिकाबाई गंगापूर येथे येऊन राहिल्या आणि १७८८ मध्ये नाशिकच्या परिसरातच त्यांचे निधन झाले. राघोबादादा आणि आनंदीबाई यांचा मुक्काम ज्या ठिकाणी होता त्या गावाला आनंदवल्ली हे नाव पडले. गोदाकाठच्या या वाड्यांची हवा, पाणी आणि झाडी यांचा लौकिक होता. पण या बागा खाजगी होत्या. सामान्य घरातील मुलाने त्या पाहिल्या असतील तर भिंतीबाहेरून.

आवळीभोजन : बागेतील जेवणाची परंपरा

मग सामान्य कुटुंबे मुलाबाळांसह झाडाखाली बसत नव्हती काय? बसत होती, आणि त्याला पंचांगाची मान्यता होती. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत आवळीच्या झाडाखाली जाऊन, झाडाची पूजा करून तेथेच जेवण्याची चाल महाराष्ट्रभर होती. तिला आवळीभोजन म्हणत. नागपंचमीला झाडाला झोके बांधत. गरोदर स्त्रीचे डोहाळे पुरविताना एक जेवण बागेतले आणि एक नावेतले असे. हिवाळ्यात शेतावर हुरडा होई. यांपैकी प्रत्येक प्रसंगी शेजारीपाजारी आणि स्नेही यांना बोलाविले जाई, आणि स्त्रिया व मुले हेच त्याचे मुख्य घटक असत. सार्वजनिक बागेतील कौटुंबिक सहल ही आपण इंग्रजांकडून घेतली, असे जे सांगितले जाते ते या दृष्टीने अर्धसत्य आहे. फिरावयास जाण्याची सवय आपण त्यांच्याकडून घेतली असेल. डबा बरोबर नेण्याची मात्र आपलीच होती.

परंतु आवळीभोजनाला बोलाविले जाणारे स्नेही कोण होते, हे विसरून चालणार नाही. ते बहुतांशी स्वजातीचे होते. झाडाखाली जेवले तरी पंगत ती पंगतच राहिली. सोवळ्याचे पाणी वेगळे, वाढणारे हात ठरलेले. जागा मोकळी होती, नियम घरचेच होते.

नगरपालिका आणि ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ

इंग्लंडमध्ये १८३३ साली पार्लमेंटच्या एका समितीने कामगारवस्तीच्या शहरांत लोकांना फिरावयास जागा नसल्याची चिंता व्यक्त केली. १८४० मध्ये डर्बी येथे जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने दिलेले उद्यान खुले झाले. तेथे आठवड्यातील केवळ दोन दिवस प्रवेश विनामूल्य होता, इतर दिवशी शुल्क द्यावे लागे. १८४७ मध्ये बर्कनहेड येथे सार्वजनिक पैशातून उभारलेले उद्यान झाले. म्हणजे ‘सार्वजनिक उद्यान’ ही कल्पना खुद्द इंग्लंडातही नवीनच होती आणि तिकिटाचा प्रश्न तिच्या जन्मापासून तिला चिकटलेला होता. मुंबईत भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स १८६२ मध्ये खुली झाली. लोकांनी तिला ‘राणीची बाग’ म्हटले, आणि पुढे जिजामाता उद्यान हे अधिकृत नाव मिळाल्यावरही ते बोलीतून गेले नाही. नाशिककडील कित्येक पिढ्यांतील मुलांनी हत्ती पहिल्यांदा पाहिला तो याच बागेत, मुंबईच्या नातेवाइकांकडे किंवा स्नेह्यांकडे गेले असता.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची, तर स्वतंत्र जिल्हा १८६९ चा. थळ घाटातून रेल्वे गेल्यामुळे मुंबई एका दिवसाच्या टप्प्यात आली आणि १८८९ मध्ये स्टेशनपासून गावात येण्यासाठी घोड्यांची ट्राम सुरू झाली. मुंबईचे पाहुणे नाशकात येण्याची सोय अशी झाली. ते मुख्यतः रामकुंडावर येत. याच काळात युरोपीय अधिकाऱ्यांच्या करमणुकीची स्वतंत्र जागाही होती. आज ज्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणतात त्याचे ‘गोल्फ क्लब’ हे जुने नाव नाशिककरांच्या तोंडी अद्याप आहे. सकाळी तेथे चालावयास येणाऱ्या शेकडो लोकांपैकी कितीजणांनी गोल्फची काठी हातात धरली असेल!

नगरपालिकेच्या निधीतून केलेली जागा कोणाची, हा प्रश्न विसाव्या शतकात तीव्र झाला. सी. के. बोले यांच्या नावाने ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. या यादीत बागा नाहीत. त्याचा अर्थ बागा आधीच सर्वांना मोकळ्या होत्या असा घ्यावयाचा, की बागेत जाण्याइतकी फुरसत या वर्गाला असेल ही कल्पनाच कोणाला शिवली नाही असा घ्यावयाचा? प्रस्तुत लेखिकेचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी त्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व तो दीर्घकाळ चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातील येवले येथे झाली. पंचवटीच्या वृक्षांपासून हाकेच्या अंतरावर हे सारे घडले. बागेचा इतिहास लिहिताना हा शेजार दृष्टीआड करता येत नाही.

मुलांसाठी बाग

बाग ही मुलांची जागा आहे, हा विचार त्यामानाने उशिराचा आहे. व्हिक्टोरियाकालीन उद्यानांत वनस्पती, कारंजी आणि बँडस्टँड यांना प्राधान्य होते. मुलाने हिरवळीवर पाऊल ठेवले की रखवालदार शिटी वाजवी. बदल स्वातंत्र्यानंतर दिसतो. मुंबईत मलबार हिलवर १९५२ मध्ये कमला नेहरू पार्क झाले आणि त्यातील म्हातारीचा बूट मराठी मुलांच्या कल्पनाविश्वाचा भाग झाला. ज्या इंग्रजी बालगीतातून तो बूट आला ते गीत न ऐकलेली मुलेही त्यात चढली. पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. तेथील प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला हलविले गेले, गाडी मात्र राहिली.

याच सुमारास शिक्षणाच्या क्षेत्रातही बागेची प्रतिमा आली होती. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. मराठीत ताराबाई मोडकांनी ‘बालवाडी’ हा शब्द रूढ केला. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांचे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले. या शब्दातील ‘वाडी’ म्हणजे कोकणातील नारळी-पोफळीची वाडी, राखलेली, पाणी दिलेली जागा. शब्द उसना न घेता त्यांनी कल्पना आपल्या मातीत लावली. बालवाडीला सरकारी मान्यता आणि अनुदान मिळण्यास वेळ लागला. बालोद्यानाला तर कायद्याने आजही दुय्यम स्थान आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात पाणीपुरवठा, सांडपाणी, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, तर सार्वजनिक उद्याने व क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. अर्थसंकल्पाला कात्री लागते तेव्हा प्रथम झोपाळ्याची साखळी का गंजते, याचे एक कारण येथे आहे.

सतरंजी

येथे व्यक्तिगत आठवणीचा आधार घेणे अपरिहार्य आहे. कौटुंबिक सहलींची दप्तरे अभिलेखागारात नसतात. ती फोटोंच्या अल्बमात, घरखर्चाच्या वह्यांत आणि माणसांच्या स्मरणात असतात. इतिहासाच्या शिस्तीत वाढलेल्या वाचकांना हे साधन कच्चे वाटेल. ते कच्चे आहेच. परंतु या विषयाला दुसरे साधन कोठून आणावे?

लेखिकेचे वडील १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त नाशिकरोडला आले. नाशिकरोडचे मुद्रणालय, ओझरचा विमान कारखाना, सातपूरची औद्योगिक वसाहत, देवळालीचे लष्करी ठाणे या सर्वांमुळे त्या काळी राज्याच्या आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे एकत्र येत होती. नातेवाईक दूर होते; त्यामुळे घरोबा हीच गरज होती. वडिलांच्या एका सहकाऱ्याचे कुटुंब पुढे जळगावला बदलून गेले. दर दिवाळीच्या सुट्टीत ते आमच्याकडे चार दिवस राहावयास येत आणि आम्ही उन्हाळ्यात त्यांच्याकडे जात असू. नाशकात आले की एक सायंकाळ गावातल्या बागेची आणि एक पूर्ण दिवस सोमेश्वरचा, हे ठरलेले. वडिलांच्या खर्चवहीत या दिवसांच्या नोंदी आहेत : टांगा, भेळ, फुगे, शेंगदाणे, आणि एके ठिकाणी ‘मुलांचा हट्ट – किरकोळ’.

ते कुटुंब आमच्या जातीचे नव्हते. माझी आजी सोवळ्याची. घरात ते आले की ती कमी बोले, आणि त्यांच्याकडे गेलो की फक्त फळे घेई. हे सर्वांना माहीत होते आणि कोणी त्याची चर्चा करीत नसे. बागेत मात्र एक सतरंजी अंथरली जाई. त्या सतरंजीवर स्वयंपाकघर नव्हते, माजघर नव्हते, पाण्याचा माठ नव्हता. पहिल्या वर्षी आजी कडेला, हिरवळीवर बसली. दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी काकूंनी डब्यातील दशमी तिच्यापुढे धरली तेव्हा तिने ती घेतली. ‘दुधात भिजवलेली आहे, चालते,’ असे तिने आईला नंतर सांगितले. दशमी दुधात मळलेली असली की प्रवासात चालते, हा शास्त्रार्थ तिने स्वतःच लावला होता. आणि शहरातली बाग हा प्रवास आहे, हेही तिनेच ठरविले होते. त्यानंतर दोन वर्षांनी ती जळगावला त्यांच्या घरी चहा प्यायली. घरोबा घरातून सुरू होऊन बागेत जातो असे आपण समजतो. आमच्याकडे तो बागेतून घरात आला. हा अनुभव एका घरापुरता असला तरी त्या पिढीतील अनेकांच्या घरी असे काही घडले असावे, असे वाटते.

परंतु आठवण येथेच थांबवली तर ती अप्रामाणिक होईल. आमच्या वसाहतीच्या टोकाला सफाई कामगारांची घरे होती. त्यांतील एक मुलगी माझ्या वर्गात होती. आम्ही शाळेत एका बाकावर बसत असू. बागेत जाताना तिला बोलवावे असे मला कधी सुचले नाही, आणि घरातील मोठ्यांपैकीही कोणाला सुचले नाही. बागेचे फाटक तिला बंद नव्हते. कोणत्याही नियमाने तिला अडविले नसते. पुष्कळ वर्षांनी, आम्ही दोघी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, एका समारंभात भेट झाली. बोलता बोलता त्या दिवसांचा विषय निघाला. ती म्हणाली, ‘अगं, ती बाग मीसुद्धा पाहिलीय. पण सकाळची. आई झाडायला जायची, मी तिच्याबरोबर असायची. झोपाळे रिकामे असायचे, पण आई म्हणायची, आधी पाला उचल.’ तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला मात्र त्यानंतर कोणत्याही उद्यानाच्या उद्घाटनाची कोनशिला वाचताना सकाळची बाग आठवते. आजीची दशमी हा आमच्या घरचा अभिमानाचा प्रसंग. त्याच सतरंजीवर या मुलीला जागा नव्हती, आणि नव्हती हे चाळीस वर्षे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

वसाहतींच्या बागा, गोदापार्क आणि तिकीट

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वस्त्या एका कारभाराखाली आल्या आणि सिडकोने वसविलेल्या नवीन नाशकामुळे शहर झपाट्याने पसरले. शालिमारजवळच्या शिवाजी उद्यानासारखी गावातली बाग हे जे सर्वांचे एक ठिकाण होते, त्याची जागा वसाहतीवसाहतींतील लहान बागांनी घेतली. या बागांचा उगम नगररचनेच्या नियमांत आहे. मोठ्या भूखंडाचे अभिन्यास मंजूर करताना ठरावीक हिस्सा, सामान्यतः दहा टक्के, खुली जागा म्हणून सोडावा लागतो. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या भागांतील बहुतेक बागा अशा सोडलेल्या जागांवर झाल्या. त्यामुळे घराजवळ बाग मिळाली, ही मोठी सोय झाली; वृद्ध आणि लहान मुले रोज जाऊ लागली. मात्र वसाहतीची बाग वसाहतीसारखीच असते. ज्या वस्तीत मंजूर अभिन्यासच नाही तेथे खुली जागाही नाही. दुसऱ्या वस्तीतील मूल आले तर त्याच्याकडे कोणी तरी पाहते आणि ‘तू कुठला रे?’ असे विचारते. गावातल्या बागेत हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नसे.

या शतकाच्या आरंभी आनंदवल्लीपासून रामवाडीच्या दिशेने नदीकाठाने गोदापार्क आखला गेला. सलग काठ, पायवाट, बाके, झाडे, आणि कोठेही उतरून पाण्याजवळ जाण्याची मुभा ही कल्पना उत्तम होती. परंतु सप्टेंबर २००८ च्या महापुराने त्याची मोठी हानी केली आणि २ ऑगस्ट २०१६ च्या पुराने गोदाकाठाला पुन्हा तेच दाखविले. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पूररेषेतील बांधकामाचे काय होते हे नाशिककरांना ठाऊक आहे. योजनाकारांना ते दर वेळी नव्याने कळते. जुन्या घाटांचा दगड पुराखाली जाऊन पुन्हा वर येतो. फरशी आणि नळीची रेलिंग परत येत नाहीत.

दुसरा प्रवाह तिकिटाच्या उद्यानांचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक झाले, आणि त्याच परिसरात २०१७ च्या सुमारास टाटा समूहाच्या साहाय्याने नेहरू वनोद्यान नव्या रूपात खुले झाले. देखभालीला पैसा लागतो, तेव्हा शुल्कास सरसकट विरोध करणे व्यवहार्य नाही. पण शुल्काची रचना पाहण्यासारखी असते. मुंबईच्या राणीच्या बागेत ऑगस्ट २०१७ पासून प्रौढांचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले आणि चौघांच्या कुटुंबासाठी शंभर रुपयांची सवलत ठेवण्यात आली. कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुले. आजी या व्याख्येत नाही. बरोबर आलेले काका-काकू नाहीत, त्यांची मुले नाहीत, शेजारच्या घरातील जे मूल हट्टाने मागे लागले तेही नाही. डर्बीच्या स्ट्रटने निदान वार ठरविले होते, माणसे मोजली नव्हती. तिकीटखिडकीवरील ही व्याख्या लिहिणाऱ्याच्या मनात काही सामाजिक भूमिका असेल असे नव्हे; त्याने सोयीचा आकडा घेतला. परंतु अशा सोयीच्या आकड्यांतूनच घरोब्याची सहल महाग होते आणि चौकोनी कुटुंबाची स्वस्त राहते.

तपोवन

२०२५ च्या नोव्हेंबरात नाशिकच्या झाडांचा प्रश्न एकाएकी राज्यभर गाजला. पुढील सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारावयाचे असून त्यासाठी तेथील सतराशेहून अधिक झाडे हलविण्याचा किंवा तोडण्याचा प्रस्ताव महापालिकेने मांडला. नागरिक, विद्यार्थी, पर्यावरण कार्यकर्ते आणि कलावंत यांनी विरोध केला, हरकती दाखल झाल्या आणि वाद न्यायसंस्थांपर्यंत गेला. सिंहस्थ ही शतकानुशतकांची परंपरा आहे आणि साधूंना उतरावयास जागा लागते, हे खरे. तपोवन या नावात तप आणि वन हे दोन्ही शब्द आहेत, हेही तितकेच खरे. इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की जागा वाचविण्यासाठी पुढे आलेल्यांतील अनेकांनी पुराणातला दाखला दिला नाही. येथे आम्ही लहानपणी येत होतो, असे सांगितले. महापालिकेच्या कागदावर तपोवन हे कधी उद्यान नव्हते. लोकांनी मुलांना घेऊन तेथे जाऊन जाऊन ते उद्यान केले होते.

त्याच डिसेंबरात जळगावचे ते कुटुंब आमच्याकडे आले होते. काका आता नाहीत. काकू, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे, आणि आमच्या घरची तीन मुले असे आम्ही सारे तपोवनात गेलो. आवळीभोजनाची तिथी उलटून गेली होती, तरी काकूंनी दशम्या केल्या होत्या. जेवण झाल्यावर मुले झाडे मोजू लागली आणि शंभराच्या पुढे गेल्यावर त्यांचा हिशेब चुकला. धाकट्याने विचारले, ‘आपण बसलोय ते झाड यादीत आहे का?’ काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रातील बातम्या वाचल्या होत्या, हरकतीच्या अर्जावर सही केली होती; पण ते झाड कोणते, त्याचा क्रमांक काय, हे मला सांगता आले नाही.